सासूबाईंचं मत आणि शाळेच्या पाच पायऱ्या

बरेच दिवस हे लिहायचं म्हणत होते, राहूनच जात होतं. परवा कपाट आवरताना मे २०२४ ची मतदार चिठ्ठी सापडली, सासूबाईंच्या नावाची, मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्याच अक्षरात वाण्याची यादी (साबुदाणा अर्धा किलो, गूळ, काडेपेटी), आणि तो सगळा दिवस परत डोळ्यापुढे आला.

१३ मे २०२४, पुण्यात लोकसभेचं मतदान. सासूबाई तेव्हा ८३ वर्षांच्या. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डावा "अजून चालतोय" असं त्या म्हणतात म्हणजे तोही चालत नाही. घरात वॉकर, बाहेर माझा नाहीतर नवऱ्याचा हात. पण लग्न होऊन पुण्यात आल्यापासून, म्हणजे १९६७ पासून, त्यांनी एकही मतदान सोडलेलं नाही. महापालिका असो, विधानसभा असो, सकाळी आंघोळ-पूजा उरकून इस्त्रीची साडी नेसून आठच्या आत केंद्रावर. कुणाला मत दिलं ते मात्र सासऱ्यांनाही कधी सांगितलं नाही, ते बिचारे विचारत राहिले आणि गेले.

तर आम्ही रिक्षाने गेलो. केंद्र एका शाळेत. खोली तळमजल्यावर, हे ठीक, पण शाळेच्या व्हरांड्यालाच पाच पायऱ्या. उंच, जुन्या दगडी पायऱ्या, कठडा नाही. बाजूला एक प्लायवूडची फळी टाकलेली, साधारण सहा फूट लांब, तिच्यावर हिरवं मॅटिंग ठोकलेलं, आणि शेजारी कागद चिकटवलेला की दिव्यांग व ज्येष्ठ नागरिकांसाठी रॅम्पची सोय. व्हीलचेअर पण होती बरं का! पण तिची पाय ठेवायची एक पट्टी गायब, म्हणजे एक पाय वर आणि दुसरा जमिनीवरून फरफटत. कॉलेजची दोन पोरं होती मदतीला, गोड होती एकदम, त्यांनी आईंना खुर्चीत बसवलं आणि फळीवरून ढकलायला गेली तर खुर्ची मागे कलंडायला लागली. इतका चढ! मग एक पोरगा म्हणाला आजी आम्ही दोघं खुर्चीसकट उचलतो. झालं. आई म्हणाल्या, "मी काय गणपती आहे का उचलून न्यायला? उतरवा मला खाली."

आणि मग त्या पाच पायऱ्या त्या चढल्या. माझा खांदा धरून, एकेका पायरीवर थांबत, बहुतेक दहा मिनिटं लागली असतील, मागे रांग अडलेली, कुणी काही बोललं नाही पण सगळे बघत होते. वर पोचल्यावर पदराने कपाळ पुसलं आणि मला म्हणाल्या, "सुमीच्या घरी साहेब लोक आले होते."

हा सुमीचा किस्सा सांगायला पाहिजे. सुमीमावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण, बेळगावला असते. १० मे २०२३ ला कर्नाटकात विधानसभेचं मतदान होतं तेव्हा मावशी ८१ वर्षांची होती, आणि तिथे ८० च्या वरच्यांना घरून मत द्यायची सोय होती. मतदानाच्या काही दिवस आधी मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ शूटिंगवाला अशी अख्खी वरात तिच्या घरी आली, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, तिने मतपत्रिकेवर मत नोंदवलं, पाकिटात घालून चिकटवलं, दिलं. मावशीने सगळ्यांना चहा दिला, त्यांनी नियमात बसत नाही म्हणून घेतला नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं. पण फोनवर हे सगळं मोठ्या बहिणीला इतक्या वेळा ऐकवलं की आईंनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आपलं पण असंच.

आमचं तसं नाही झालं, कारण मधल्या काळात नियम बदलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडणूक नियमांत दुरुस्ती करून ८० च्या वरच्या मतदारांना आणि दिव्यांगांना टपाली मतपत्रिकेने घरून मत द्यायची सोय झाली. कोविडच्या वेळी मध्येच ६५ केलं होतं, ते परत घेतलं. आणि मार्च २०२४ मध्ये, लोकसभा जाहीर व्हायच्या अगदी तोंडावर, ८० चं ८५ झालं. कारण काय तर ८० च्या पुढचे बहुतेक लोक स्वतःहून केंद्रावर येऊनच मत देणं पसंत करतात. म्हणजे धाकट्या बहिणीने ८१ व्या वर्षी सोफ्यावर बसून मत दिलं आणि मोठीने ८३ व्या वर्षी दगडी पायऱ्या चढून. दिव्यांग म्हणून घरून द्यायचं तर किमान ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आणि आईंना ते काढायचंच नाही. "मी अपंग नाही, म्हातारी आहे." यावर काय बोलणार. शिवाय त्या १२ ड नावाच्या फॉर्मची मुदत पण फार छोटी, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवस, तेवढ्यात भरून द्यायचा. आम्हाला तर ८५ चा नियमच केंद्राच्या बाहेर कळला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी चिडून नेटवर वाचायला लागले. मी काही वकील नाही, बँकेतून रिटायर झालेली बाई आहे, पण सर्क्युलर वाचायची सवय नोकरीने लावलेली. आणि एकातून एक असं इतकं निघत गेलं की दोन-तीन महिने मी तेच वाचत होते. नवरा म्हणाला पीएचडी कर.

तर पहिली गोष्ट, ती हिरव्या मॅटिंगवाली फळी सुद्धा कुणाच्या मेहेरबानीने आलेली नाही. जावेद अबिदी नावाचे एक गृहस्थ होते, स्वतः व्हीलचेअरवर, दिव्यांगांच्या हक्कांसाठी दिल्लीत काम करायचे, २०१८ मध्ये वारले. त्यांचा डिसेबल्ड राइट्स ग्रुप २००४ च्या लोकसभेच्या वेळी सुप्रीम कोर्टात गेला, की आम्हाला मतदान केंद्रात शिरताच येत नाही. पहिल्या टप्प्याचं मतदान होतं २० एप्रिलला आणि कोर्टाची ऑर्डर आली १९ एप्रिलला! मग पुढच्या टप्प्यांसाठी निदान शहरांमध्ये लाकडी रॅम्प करा असं सांगावं लागलं, आणि मशीनवर ब्रेल आकडे आणायचं पण त्याच केसमधून पुढे गेलं. विचार करा, १९५१-५२ ला पहिली निवडणूक झाली आणि व्हीलचेअरवरच्या माणसाने केंद्रात जायचं कसं हा प्रश्न कोर्टाने हातात घेतला २००४ मध्ये. बावन्न वर्षं. तोपर्यंत लोक काय करत असतील? घरी बसत असतील, नाहीतर गणपतीसारखे उचलून नेले जात असतील.

आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात ११ वं कलमच आहे की सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना जाता येतील अशी हवीत, ही जबाबदारी निवडणूक आयोगाची. आयोगाची स्वतःची पण किमान सुविधांची यादी आहे, रॅम्प, पिण्याचं पाणी, संडास, उजेड, सावली. केंद्र शक्यतो तळमजल्यावर हवं. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जायला लागू नये असाही दंडक आहे. कागदावर काही कमी नाही हो. आमच्या शाळेत रॅम्प होताच की, कुणीतरी तपासायला आलं असतं तर रॅम्पच्या रकान्यात बरोबरची खूणच केली असती.

पण रॅम्प म्हणजे काय हे पण मी वाचलं. एक फूट वर चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार लागतो, एकास बारा. म्हणजे पाच पायऱ्या, एकेक सहा इंच धरली तर झाले अडीच फूट, त्याला तीस फूट लांब रॅम्प पाहिजे. तिथे होती सहा फुटी फळी. ती रॅम्प नाही, ती घसरगुंडी.

(आमच्या सोसायटीचा रॅम्प पण मी नंतर मोजला. तो पण चुकीचा आहे. चेअरमनला सांगितलं, ते म्हणाले ताई बघू.)

मग मला वाटलं की बाकीच्यांचं काय होतं, ज्यांना कुठल्या ना कुठल्या कारणाने केंद्रापर्यंत पोचताच येत नाही ते काय करतात, कोर्ट काय म्हणतं त्यांना. आणि मजा म्हणजे आपल्या पुण्यातच एवढं घडून गेलंय गेल्या दोन-चार वर्षांत.

जून २०२२ आठवतोय? राज्यसभेची निवडणूक, १० जून, एकेका आमदाराच्या मताला सोन्याचा भाव. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक कॅन्सरने आजारी, चिंचवडचे लक्ष्मण जगताप पण खूप आजारी, दोघंही ॲम्ब्युलन्सने पुण्याहून मुंबईला जाऊन मत देऊन आले, आणि दहा दिवसांनी विधान परिषदेला परत. मला त्या दोघांबद्दल आदरच आहे, तशा अवस्थेत एक्सप्रेसवेवरून जाणं-येणं म्हणजे काय ते ज्यांनी घरात असा पेशंट बघितलाय त्यांना कळेल. दोघंही पुढे सहा-सात महिन्यांत गेले. पण विधान परिषदेच्या वेळी काँग्रेसने हरकत घेतली होती की यांची मतपत्रिका दुसऱ्यानेच पेटीत टाकली, सबब मत बाद करा. आयोगाने ती हरकत फेटाळली. आणि ते योग्यच होतं, आजारी माणसाला हात दिला म्हणून मत त्याचं राहत नाही का?

आपल्या साध्या मतदारांना पण तो नियम आहे, ४९ न. दिसत नसेल किंवा शरीराने होत नसेल तर अठराच्या वरचा एक सोबती आत नेता येतो, मात्र त्या सोबत्याने त्या दिवशी दुसऱ्या कुणाला अशी सोबत करायची नाही आणि मत गुप्त ठेवायचं लिहून द्यायचं. आमच्या केंद्राध्यक्षांनी स्वतःहून विचारलं होतं, सूनबाईंना बरोबर न्यायचंय का म्हणून. आई फटकन म्हणाल्या, "नको, ती बघेल." पुठ्ठ्याच्या आड जाऊन टेबलाला धरून उभं राहून एकट्यांनीच बटण दाबलं. मला बाहेर फक्त तो लांब बीप ऐकू आला.

तर ॲम्ब्युलन्समधले आमदार पोचले. पण त्याच निवडणुकीत दोन आमदार नाही पोचले, अनिल देशमुख आणि नवाब मलिक. दोघं तेव्हा जेलमध्ये, खटले चालायचे होते, शिक्षा झालेली नव्हती. फक्त मत द्यायला काही तास सोडा, पोलीस बंदोबस्तात न्या-आणा, असं म्हणत होते. स्पेशल कोर्टाने नाही म्हटलं, हायकोर्टाने नाही म्हटलं, विधान परिषदेच्या वेळी सुप्रीम कोर्टाने पण मतदानाच्याच दिवशी, २० जूनला, नाही म्हटलं. कारण लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२ पोटकलम ५, तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही. शिक्षा झालेली असो, नसो. पोलीस कोठडीत असला तरी नाही. स्थानबद्ध असेल तर मात्र टपालाने देता येतं, आणि जामिनावर असेल तर खुशाल रांगेत उभा राहू शकतो.

मला या दोघांच्या राजकारणाशी काही देणंघेणं नाही, आणि आमच्या घरी या दोघांच्या नावाने काय काय बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं पण नाही. पण नियम बघा ना. जेलमधला कच्चा कैदी निवडणुकीला उभा राहू शकतो, निवडून येऊ शकतो, फक्त मत देऊ शकत नाही! २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की ज्याला मत देता येत नाही त्याला उभं पण राहता येणार नाही, तर संसदेने लगेच कायदा दुरुस्त केला. काय दुरुस्त केलं? उभं राहायची सोय. मतदानाची नाही. सगळ्या पक्षांचं कुठे एकमत होतं ते यावरून कळतं. आणि आपल्या देशातल्या जेलमधले चारातले तीन लोक कच्चे कैदीच आहेत, बहुतेक जण जामिनाला माणूस आणि पैसे नाहीत म्हणून आत. १९९७ मध्ये या कलमाला आव्हान दिलं होतं तेव्हा कोर्टाने ते कायम ठेवलं, कारणांत एक कारण असं की सगळ्या कैद्यांची ने-आण करायला पोलीस आणि सोय पुरणार नाही. म्हणजे परत तेच की, रॅम्प नाही. येरवड्यावरून रिक्षाने जाते तेव्हा ती भिंत बघून हल्ली माझ्या डोक्यात हेच येतं.

बरं, आमदार गेले म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये कसबा आणि चिंचवडला पोटनिवडणूक झाली, कसब्यात प्रचाराला पुण्याचे खासदार गिरीश बापट व्हीलचेअरवर नाकात ऑक्सिजनची नळी घालून आले होते, तो फोटो सगळ्यांनी बघितला असेल. २९ मार्चला बापट पण गेले. आणि मग पुण्याला खासदारच नाही. कायदा काय म्हणतो, जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या, मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर नको. इथे उरलेलं होतं वर्षापेक्षा जास्त, लोकसभा जून २०२४ पर्यंत होती. तरी आयोगाने घेतली नाही. आम्ही दुसऱ्या निवडणुकांत बिझी आहोत आणि निवडून येणाऱ्याला तीन-चारच महिने मिळतील, असं म्हणाले.

एक पुणेकर गेला हायकोर्टात. (जाणारच. पुणेकर आहे.) आणि १३ डिसेंबर २०२३ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि कमल खाता यांनी आयोगाला चांगलं सुनावलं, की लोकांना प्रतिनिधीशिवाय असं ठेवता येणार नाही, घ्या पोटनिवडणूक. पेपरात वाचून आई खूश. मग ८ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, आता लोकसभाच आली जवळ म्हणून. म्हणजे आयोगाने आधी वेळ घालवला आणि मग वेळ उरला नाही हेच कारण झालं. ऑफिसात आमच्याकडे एक साहेब असंच करायचे, फाईल मार्चपर्यंत दाबून ठेवायची आणि मग म्हणायचं आता इयर एंडिंग आहे.

या सगळ्यात मला एक गोष्ट हळूहळू कळत गेली आणि ती कळल्यावर खरं सांगते जरा धक्काच बसला. आपण शाळेत शिकतो मतदान हा पवित्र हक्क वगैरे. घटनेत ३२६ वं कलम आहे, प्रौढ मताधिकार. पण सुप्रीम कोर्ट १९५२ पासून म्हणत आलंय की मत देणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मूलभूत हक्क नाही. १९८२ च्या ज्योती बसूंच्या केसमध्ये तर अगदी स्पष्ट. मधूनमधून एखादे न्यायमूर्ती वेगळं म्हणतात, घटनात्मक हक्क म्हणतात, २०२३ मध्ये निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीच्या केसमध्ये न्यायमूर्ती अजय रस्तोगींनी स्वतंत्र निकालपत्रात मूलभूत हक्काशी जोडलं, पण बाकीच्या चार जणांनी तो मुद्दा तसाच सोडून दिला. नोटा आला २०१३ मध्ये तो पण कुणाला निवडायचं हे सांगायचं स्वातंत्र्य या बाजूने आला.

आणि दुसरं. निवडणूक एकदा सुरू झाली की कोर्टाने मध्ये पडायचं नाही, ३२९ वं कलम. १९५२ च्या त्या पोन्नुस्वामी केसमध्येच हे ठरलं. जे काय असेल ते निकाल लागल्यावर निवडणूक याचिका करून मांडा, ४५ दिवसांत. चांगलं आहे, नाहीतर प्रत्येक निवडणूक कोर्टात अडकेल, हे मला पटतं. पण याचिकेत नियम मोडला असं म्हणायचं असेल तर दाखवावं काय लागतं? की त्यामुळे निकालावर फरक पडला. म्हणजे समजा त्या दिवशी आई पायऱ्यांवरून परत फिरल्या असत्या तर? पुण्याच्या निकालात लाखाच्या वरचा फरक. एका ८३ वर्षांच्या बाईच्या मताने काय फरक पडणार, काहीच नाही, सबब तक्रारच नाही. मतदानाच्या दिवशी कोर्ट नाही, मतदानानंतर केस नाही. मग उरतं काय तर फक्त आधीचे दिवस, जेव्हा निवडणूक लांब असते आणि कुणालाच त्या शाळेच्या पायऱ्या आठवत नाहीत.

नावाचं पण तसंच. यादीत नाव नसेल तर पायऱ्यांचा प्रश्नच नाही, आधीच गेटवरून परत. १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात हे झालं होतं, आमच्या दिरांचं नाव गायब, वीस वर्षं त्याच घरात राहतोय माणूस, त्याच गल्लीतले कितीतरी लोक ओळखपत्र हातात घेऊन रस्त्यावर. मुंबईत पुढच्या आठवड्यात तेच. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी माफी मागितली तेव्हा. माफी मागितली हे चांगलंच, पण दिरांचं मत पाच वर्षांनीच झालं. खरं तर १९९५ मध्येच सुप्रीम कोर्टाने लाल बाबू हुसेन केसमध्ये सांगून ठेवलंय की एकदा यादीत आलेलं नाव असंच उडवता येणार नाही, नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका, सगळे पुरावे बघा. ती केस मुंबई आणि दिल्लीतल्या लोकांचीच होती, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून ठराविक चारच कागद चालतील असं त्यांना सांगितलेलं. तीस वर्षांनी २०२५ मध्ये बिहारात परत तोच वाद, मसुदा यादीतून साधारण ६५ लाख नावं गेली, १४ ऑगस्टला कोर्टाला सांगावं लागलं की ही नावं कारणासकट जाहीर करा, आणि सप्टेंबरमध्ये आधार पण धरा म्हणून. यावर मला खूप लिहायचंय पण ते वेगळं कधीतरी, नाहीतर ही पोस्ट संपायची नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेला परत त्याच शाळेत गेलो. मे महिन्यात मुंबईत उन्हात तासन् तास रांगा लागल्या होत्या म्हणून यावेळी केंद्रं वाढवली होती, राज्यात एक लाखाच्या वर, काही तर सोसायट्यांमध्येच. आमची शाळा तीच. पायऱ्या त्याच. फळी मात्र नवीन होती, आठ फूट असेल!

यावेळी घोळ झाला तो फोनचा. चिठ्ठी फोनमध्ये, ओळखपत्र फोनमध्ये, आणि गेटवर पोलीस म्हणाले मोबाईल आत नाही. मग ठेवू कुठे? "ते तुमचं तुम्ही बघा मॅडम." समोरचा वडापाववाला एका टोपल्यात लोकांचे फोन ठेवून घेत होता, फुकट, मी घाबरत घाबरत ठेवला, पंचवीस-तीस फोन एकावर एक, सगळे वाजतायत. आईंना घरून रिक्षात फोन न घेता आणलं होतं त्यामुळे त्या एकट्या निवांत. मतदानाच्या अगदी तोंडावर एक वकील बाई याच विषयावर मुंबई हायकोर्टात गेल्या होत्या, की डिजिलॉकर सरकारनेच दिलंय तर केंद्रावर ते दाखवू द्या. कोर्टाने याचिका फेटाळली, फोनमधून कागद दाखवायचा कुणाला हक्क नाही, आयोगाचा निर्णय बेकायदा नाही म्हणून. मला ते मान्य आहे एकवेळ, आत फोन नको, नाहीतर लोक मताचा फोटो काढून पैसे मागायला जातील. पण बाहेर ठेवायची जागा? ती कोर्टाकडून नाही आली, मे २०२५ मध्ये आयोगानेच जाहीर केलं की दाराशी खण असलेली पेटी नाहीतर तागाच्या पिशव्या ठेवू, आणि एका केंद्रावर १५०० ऐवजी १२०० च मतदार. तागाची पिशवी! म्हणजे वडापाववाल्याचं टोपलं सरकारी झालं. त्याला काहीतरी द्यायला पाहिजे.

भाचा अटलांटाला असतो, त्याला हे सगळं फोनवर सांगत होते तर म्हणाला मामी आमच्या जॉर्जियात २०२१ पासून कायदा आहे, मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला पाण्याची बाटली पण द्यायची नाही. म्हटलं काय सांगतोस. तर खरंच आहे, तिथे पण लोक कोर्टात गेले, २०२३ मध्ये जजने थोडा भाग थांबवला, १५० फुटांच्या पलीकडे रांगेत पाणी देता येईल इतपत. आमच्याकडे माठ होता शाळेत. गार पाणी होतं, वाळा घातलेलं. द्यायचं ते श्रेय द्यायला पाहिजे.

तर मूळ मुद्दा. मला वाटत होतं की आईंना घरून मत द्यायला मिळालं असतं तर प्रश्न सुटला असता. म्हणून दिवाळीत मी त्यांना म्हटलं, आई पुढच्या लोकसभेला २०२९ मध्ये तुम्ही ८८ च्या असाल, तेव्हा साहेब लोक आपल्याही घरी येतील, मी आत्ताच फॉर्मचं बघून ठेवते. त्या करंज्या तळत होत्या (स्टुलावर बसून, हो, अजून), मागे न बघता म्हणाल्या, "मला नको."

म्हटलं अहो सुमीमावशीचं ऐकून तुम्हीच तर म्हणत होतात.

"तेव्हा म्हणत होते. सुमीला विचार, शाई लावली होती पण बघायला कोण होतं? घरात ती आणि टीव्ही. मी जाणार. मला ते पाटलांचे आजोबा भेटतात तिथे, पूर्वीच्या वाड्यातली कुसुम भेटते, ती पण वॉकर घेऊन येते आता. पाच वर्षांतून एकदा तर दिसतो आम्ही एकमेकांना. तेवढ्या पायऱ्यांचं काहीतरी करा."

मी गप्पच बसले. दोन-तीन महिने मी कायदे वाचत होते आणि त्यात हे कुठेच नव्हतं, की बाईला मत नुसतं द्यायचं नाहीये, तिथे जाऊन द्यायचंय.

मग आम्ही पत्र लिहायला घेतलंय, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना, एक प्रत शाळेला. मी टाईप केलेला मसुदा त्यांनी वाचला, ११ वं कलम, २००४ ची ऑर्डर, सगळं नीट घातलं होतं मी. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या कलमं त्यांना माहीत असतील, पायरी किती इंचाची आहे ते कुठे लिहिलंयस? मी म्हटलं साधारण सहा. "साधारण काय? मी चढलेय ती, सहापेक्षा जास्त आहे. मोजून आण."

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, वॉचमनला सांगून ठेवलंय. शिवणाच्या डब्यातली टेप पाच फुटाचीच आहे, म्हणून शेजारच्या इंटिरियरवाल्याकडून मोठी स्टीलची मागून आणलीय.